पाणी गेलंच नव्हतं

आमच्या धंद्यात एक वाक्य आहे. ते ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याला शोधून काढावं आणि त्याच्या दुकानासमोर उभं राहून कडाकडा भांडावं, असं मला हल्ली रोज वाटतं. वाक्य साधं आहे : “पाणी गेलंय आत.”

मोबाइल असो, रिमोट असो, मिक्सर असो. दुरुस्त केलेली वस्तू पुन्हा बंद पडून आली की काउंटरवरचा माणूस ती उलटीपालटी करतो, चेहरा गंभीर करतो आणि हे वाक्य म्हणतो. समोरचा गप्प होतो. मुंबईत राहणाऱ्या माणसाने छातीवर हात ठेवून कसं सांगायचं, की पाणी गेलं नाही? चार महिने पाऊस, बारा महिने घाम, कपाटातल्या चपलांनासुद्धा इथे बुरशी येते. गिऱ्हाईक मनातल्या मनात आठवत राहतं, बाथरूममध्ये नेला होता का, छत्री गळत होती का. आणि दोष आमचा असो वा नसो, तो आपला म्हणून घरी घेऊन जातं.

हे वाक्य मी फारसं बोललेलो नाही. पण त्याचा मला काही उपयोग नाही. गिरगावातलं आमचं दुरुस्तीचं दुकान माझं आणि माझ्या मित्राचं आहे. एकाच चाळीत वाढलो, एकाच गॅलरीत क्रिकेट खेळलो, एकाच काकूंच्या शिव्या खाल्ल्या. तो काउंटर सांभाळतो, मी मागच्या टेबलावर काम करतो. वाक्य त्याचं, आणि मागून गंभीरपणे हलणारी मान माझी. मान हलवणं हेही खोटं बोलणंच असतं, एवढी साधी गोष्ट मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळली, आणि तीही एका बाईला माझ्यामुळे मुकं व्हावं लागल्यावर.

ती मासळी विकते. घर कफ परेडच्या मच्छीमार नगरात, बाजारातला ओटा आमच्या दुकानापासून दहा मिनिटांवर. माझ्या आईपासून आमच्या घरी मासळी तिच्याचकडची. पूर्वी बाजारात शिरलं की वासाच्या आधी तिचा आवाज यायचा. “ओ सायब, तोंड फिरवून कुटं चाललंस, पापलेट बघ तुज्याकडं कसं बघतंय!” सगळा बाजार हसायचा आणि मी मान खाली घालून पापलेट घ्यायचो.

मग तिच्या घशाचं दुखणं निघालं. परळला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. मासळी विकणाऱ्या बाईचा आवाज जाणं म्हणजे काय, ते बाजारात उभं राहिल्याशिवाय कळणार नाही. पाचजणी ओरडत असताना सहावी नुसती बघत बसली, तर तिच्यासमोर कोण थांबेल?

पण ती बसून राहणारी नव्हती. तिला एक यंत्र मिळालं. छोट्या टॉर्चसारखं दिसतं. त्याचं तोंड गळ्याला टेकवून बटण दाबलं की ते घुमतं, आणि माणसाने ओठ-जीभ हलवली की त्या घुमण्याचे शब्द होतात. भुंग्याने मराठी शिकावं तसा आवाज. वर नाही, खाली नाही, एकाच पट्टीत. बाजारातली पोरं सुरुवातीला हसली, तर ती यंत्र हातात घेऊन त्यांच्या गळ्याला लावायला धावली. मग कोणी हसलं नाही. एका हातात यंत्र, एका हातात कोयता, असा तिचा धंदा पुन्हा उभा राहिला. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं की ती यंत्र गळ्यापासून काढून बर्फाच्या पेटीवर ठेवायची. बोलणं संपलं. असा शेवटचा भाव धडधाकट आवाजाच्या बायकांनाही सांगता यायचा नाही.

घरच्यांना मात्र ती आता घरी बसायला हवी होती. मुलाचं म्हणणं, खूप केलंस. सुनेचं म्हणणं, ओटा मी बघते. दोघांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण तिने घरात निक्षून सांगितलं होतं, यंत्र बोलतंय तोवर ओट्यावर मी बसणार. ज्या दिवशी ते बोलायचं थांबलं, त्या दिवशी तू बस. हे मला सुनेनेच नंतर सांगितलं. म्हणजे ते यंत्र तिचा नुसता आवाज नव्हतं, त्या ओट्यावरची तिची जागाच त्याच्यावर टिकून होती. आणि ते यंत्र माझ्या हातात आलं.

पहिल्यांदा ते ओट्यावरून खाली पडलं म्हणून आलं. सून घेऊन आली, ही शेजारी उभी. मी ते हातात घेतलं आणि आधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसलं. एकदा, मग पुन्हा एकदा. वास जावा म्हणून. तिने ते पाहिलं. जिच्याकडची मासळी आम्ही वर्षानुवर्षं मिटक्या मारत खाल्ली, तिच्या गळ्याला लागणारी वस्तू मी नाक आक्रसून पुसत होतो. आठवलं की माझा मलाच संताप येतो.

बिघाड अवघड नव्हता. आतला तीन पायांचा एक ट्रान्झिस्टर गेला होता, तो बदलला. तिने गळ्याला लावून बघितलं आणि पहिलं वाक्य मला ऐकवलं, “आता परत पूस.” माझा मित्र खो खो हसला. मीही हसलो, पण कान तापले.

काही आठवड्यांनी यंत्र बंद पडून परत आलं. तोच ट्रान्झिस्टर. मी बदलला. पुन्हा गेलं, पुन्हा आलं. तिसऱ्या खेपेला सुनेच्या चेहऱ्यावर कंटाळा स्पष्ट दिसत होता. माझ्या मित्राने यंत्र हातात घेतलं, हलवलं, कानाशी नेलं आणि ते वाक्य म्हटलं.

“पाणी गेलंय आत. मावशी, मासे धुतलेल्या हातानेच धरता ना? मग कसं टिकणार?”

ती काही बोलू शकत नव्हती. तिचा आवाज आमच्या काउंटरवर पडला होता. तिने दोन्ही हात पुढे केले, मग पदर ओढून त्याला हात पुसून दाखवले, मग पुन्हा हात दाखवले. मी पुसते, कोरडे करते, मगच धरते. हे सगळं ती हातांनी सांगत होती.

“आई, मी बोललेच होते,” सून म्हणाली. “पाण्यात काम, यंत्र कसं राहील? आता बस घरी. उगाच ह्यांना पण त्रास.”

तिने माझ्याकडे बघितलं. मित्राकडे नाही, सुनेकडे नाही. माझ्याकडे. कारण उघडून बघणारा मी होतो.

आणि मागच्या दोन्ही खेपांना मी उघडून बघितलं होतं. भिंगाखाली, नीट. पाणी आत जातं तेव्हा खूण ठेवतं, आणि खारं पाणी तर लपूच शकत नाही. तांब्यावर हिरवट खपली धरते, टाके काळे पडतात. या यंत्राच्या आत असं काही म्हणजे काही नव्हतं. नव्या भांड्यासारखं लख्ख होतं. मला ते माहीत होतं. तरी मी मान हलवली.

तिने हात खाली घेतले. त्या दिवसापासून ओट्यावर सून बसायला लागली.

आता आमच्या दुकानाविषयी सांगायला हवं, कारण गुन्हा तिथे घडत होता. आधी दुकान जुनं होतं. लाकडी टेबल, वर करकरणारा पंखा, मागे उघडी खिडकी. मग मित्राच्या मनात आलं की दुकान ‘प्रोफेशनल’ दिसलं पाहिजे. काचेचं दार आलं. एसी आला. खाली प्लास्टिकची गुळगुळीत लादी, चाकांच्या खुर्च्या, आणि आम्हा दोघांना दुकानाचं नाव छापलेले चकचकीत टी-शर्ट. शिवाय टेबलावर निळी रबरी चटई आणि माझ्या मनगटाला एक पट्टा. त्या पट्ट्यातून एक तार चटईला जाते आणि चटईची तार भिंतीतल्या सॉकेटच्या तिसऱ्या भोकातून जमिनीत.

हा पट्टा कशासाठी, ते सांगतो. प्लास्टिकच्या कंगव्याने केस विंचरले की तो कागदाचे कपटे ओढतो, हे आपण सगळ्यांनी लहानपणी केलंय. तशीच वीज माणसाच्या अंगावरही साठते. चालताना, खुर्ची सरकवताना, कपडा अंगाला घासताना. आपल्याला ती कळतही नाही, फार तर कधी दाराच्या कडीला चटका बसतो. पण या नाजूक ट्रान्झिस्टरला त्याहून कितीतरी थोडी वीज पुरते. कधी तो जागच्या जागी मरतो. कधी नुसता जखमी होतो. यंत्र चालू होतं, गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं, आणि ती जखम काही दिवसांनी त्याचा जीव घेते. म्हणून दुरुस्ती करणाऱ्याच्या अंगावरची वीज पट्ट्यातून हळूच जमिनीत सोडून द्यायची.

हे मी शिकलेलो आहे. मला हे येतं. तरीही आम्ही त्या पट्ट्याची थट्टाच करत होतो. “मुंबईत कुठली आलीय स्टॅटिक?” मित्र म्हणायचा, “दिल्लीला असते थंडीत. इथे हवाच पाण्याने भरलीय.” त्यात तथ्य होतं. दमट हवेत ही वीज अंगावर टिकत नाही, आपोआप निघून जाते. जुन्या दुकानात, उघड्या खिडकीत, मी कधी पट्टा घातला नाही आणि कधी काही बिघडलंही नाही. पण आम्ही पैसे मोजून ती दमट हवाच दुकानाबाहेर काढली होती. डिसेंबर-जानेवारीतली हवा, काच बंद, दिवसभर एसी, खाली प्लास्टिक, अंगात प्लास्टिकचा टी-शर्ट. आम्ही गिरगावात बसून दिल्ली तयार केली होती आणि वागत होतो मुंबईसारखे. एवढंच नाही, नवे ट्रान्झिस्टर ज्या चंदेरी पिशवीत सुरक्षित येतात, त्यातून काढून मी ते गणपतीच्या मखरातून उरलेल्या थर्माकोलच्या तुकड्यावर टोचून ठेवत होतो. हाताशी असावेत म्हणून. वीज साठवायला थर्माकोलइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

पण पट्टा तर होता ना मनगटाला? होता. तिसऱ्यांदा आलेलं यंत्र टेबलावर उघडून मी बसलो होतो. पट्टा बांधलेला. काहीतरी घ्यायला बाजूच्या लोखंडी कपाटाकडे हात नेला आणि बोटातून चट्कन ठिणगी उडाली. चटका बसला. मी हाताकडे बघत राहिलो. पट्टा काम करत असेल, तर माझ्या अंगावर ठिणगीपुरती वीज उरायलाच नको होती.

मी मीटर घेतला. पट्ट्यापासून चटईपर्यंत ठीक. चटईपासून सॉकेटच्या पिनपर्यंत ठीक. तिथून पुढे काही नाही. आकडा हललाच नाही. वायरमनला बोलावून सॉकेट उघडायला लावलं. तिसऱ्या भोकामागे तारच नव्हती. दुकान नवं करताना ज्या माणसाने वायरिंग केलं, त्याने तीन भोकांचे सॉकेट बसवले आणि तारा दोनच ओढल्या. सगळ्या दुकानात. जमिनीला जोडलेली तार कुठेच नव्हती.

“सगळे असंच करतात, शेठ,” उघडून दाखवणारा वायरमन म्हणाला. “अर्थिंग कोण बघतो? लाइट लागली ना?”

मला इतका राग आला की हातातला मीटर आपटावासा वाटला. लाइट लागली ना! म्हणजे दिव्याला कळलं नाही तर कोणालाच कळणार नाही. एखाद्या मिक्सरचा शॉक लागून माणूस मेला असता, तरी लाइट लागली ना! आणि तो पट्टा? मी तो जानव्यासारखा घातला होता. घातलाय एवढंच पुरे, कशाला जोडलाय ते बघायची गरज नाही. दसऱ्याला आम्ही त्याच्यावर कुंकू वाहिलं होतं, झेंडू ठेवला होता. मित्राने माझा पट्टा बांधलेला फोटो दुकानाच्या इंटरनेटवरच्या पानावर टाकला होता. पूजा झाली, फोटो झाला, पण माझ्याच टेबलावर पडलेला मीटर उचलून एकदा लावून बघणं झालं नाही. उभा जन्म मी दुसऱ्यांच्या तारा तपासल्या, स्वतःची एक तपासली नाही.

आणि ज्या पाण्यावर मी खापर फोडलं, ते पाणीच इतकी वर्षं माझं काम राखत होतं. तिच्या ओल्या हातांनी काही केलं नव्हतं. माझ्या कोरड्या हातांनी केलं होतं.

मी मित्राला सगळं सांगितलं. तो ऐकून म्हणाला, “बरं झालं कळलं. आता तार ओढून घेऊ. विषय खल्लास.”

“तिला सांगायला हवं.”

“कोणाला? मावशीला? येडा झालास काय? चांगलं करून दे, पैसे घेऊ नको, वर सॉरी बोल. पण आमच्या हातून मेलं असं बोलू नको. उद्या जो येईल तो हेच बोलेल.”

“खरं आहे म्हणूनच बोलेल ना?”

“अरे, पाणी गेलंय बोललो म्हणजे काय शिवी दिली का तिला?”

“हो,” मी म्हणालो. “दिली. घाण हाताची आहेस, तुला वस्तू वापरता येत नाही, असंच बोललो आपण तिला. आणि ती उलट बोलू शकत नव्हती तेव्हा बोललो.”

तो मग म्हणाला, “तू बोल. मी नाही येणार.” दोन दिवस आम्ही कामापुरतं बोललो.

तळमजल्यावरच्या मुख्य जोडणीपासून जाडसर तांब्याची तार ओढून घेतली. ती होईपर्यंत एसी बंद ठेवला, खिडकी उघडली, टी-शर्ट काढून सुती सदरा घातला. थर्माकोल फेकला. मग मीटर लावला, पट्टा खरोखर जोडलाय हे बघितलं, आणि नवा ट्रान्झिस्टर चंदेरी पिशवीतून थेट यंत्रात बसवला. मावशीला निरोप पाठवला.

ती एकटीच आली. मी यंत्र पुढे केलं. पुसलं नव्हतं. मग बोललो. पाणी गेलं नव्हतं, मावशी. कधीच गेलं नव्हतं. चूक आमच्या टेबलाची होती, माझ्या हाताची होती. आणि त्या दिवशी मला ते ठाऊक नसलं, तरी पाणी नाही हे ठाऊक होतं. तरी मी गप्प बसलो.

माझी अपेक्षा होती की ती रागावेल, किंवा जाऊ दे म्हणेल. जाऊ दे म्हणेल हीच आशा जास्त होती. तिने यंत्र गळ्याला लावलं.

“हितं नको,” ते घुमलं. “हितं कोन हाय? भिंती? बाजारात येऊन बोल.”

“मावशी, मी तुमच्या सुनेला फोन करतो...”

“बाजारात.” आणि तिने यंत्र गळ्यापासून काढलं. तिचा शेवटचा भाव मला माहीत होता.

मी आयुष्यात कधी चारचौघांत बोललेलो नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्येसुद्धा मी मागच्या खुर्चीवर बसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐन गर्दीत त्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिलो. सून ओट्यावर, सासू बाजूला उलट्या टोपलीवर. आजूबाजूला बायका.

“वहिनी,” मी सुनेला म्हणालो, “ते यंत्र, त्यात पाणी...”

“मोठ्यानं बोल,” टोपलीवरून यंत्र घुमलं. “ऐकू येत नाय.”

शेजारच्या ओट्यावरची बाई खिदळली. “अगो बाई, जिला गळा नाय ती बोलते मोठ्यानं बोल! काय रं सायब, घसा गेला का तुजा पन?”

सगळ्या हसल्या. मला पळून जावंसं वाटलं. पण त्या हसण्यातच मला त्या दिवशीचे तिचे पुढे केलेले दोन हात दिसले, आणि माझी मान दिसली, आणि जो राग मी वायरमनवर, मित्रावर, त्या वाक्यावर काढत होतो, तो सगळा घशात आला.

“पाणी गेलं नव्हतं!” मी ओरडलो. बाजारात आपला आवाज एवढा मोठा होऊ शकतो हे मला माहीत नव्हतं. “हिच्या हाताने काही बिघडलं नाही! आमच्या दुकानात बिघडलं! आम्ही खोटं बोललो!”

मासा तोलणाऱ्या बाईचा हात तराजूवर थांबला. कोणीतरी म्हणालं, “आता नीट केलंस का पन?”

“केलंय.”

“मग परत बंद पडलं तर?” हे सुनेने विचारलं. तिचा प्रश्न योग्य होता.

“तर परत इथे येऊन सांगेन, का पडलं ते. जे असेल ते.”

सून उठली. बसायचा पाट तिने सासूकडे सरकवला. “बस आई,” ती म्हणाली. “मी कोलंबी सोलते.” माझ्याकडे तिने त्या दिवशी पुन्हा बघितलंच नाही. बघावं असं मी काही केलंही नव्हतं.

त्यानंतर मी रोज दुकानात आल्यावर आधी पट्ट्याला मीटर लावतो. मित्र हसतो, पण एसी आता खिडकी उघडी ठेवूनच लावतो आणि वीजबिलावरून मला टोमणे मारतो. गेल्या आठवड्यात एका गिऱ्हाइकाचा फोन परत आला. तो हातात घेऊन मित्र म्हणाला, “पाणी...” आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, “पाणी पिणार का? बसा. उघडून बघतो.”

यंत्र अजून चालू आहे. पण माझ्या आधीच्या हाताळणीची अशी जखम आत कुठे असलीच तर ती कधी उघडेल हे सांगता येत नाही, म्हणून कामावर जाताना मी वाट वाकडी करून बाजाराच्या कोपऱ्याशी थांबतो. ते घुमणं कानावर आलं की पुढे जातो. परवा मी तसाच उभा होतो, तर ते घुमणं थेट माझ्या दिशेने आलं, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं.

“ह्यो बघा, कान लावून उभा हाय रोज. ओ सायब, फुकट ऐकू नको. बांगडं घे.”

घेतले.